ऑफिसची नोकरी हवीय, मग कॉलेज कुठलं?

पत्र: ताई, मी कोरेगाव तालुक्यातली, जिल्हा सातारा. यंदा बारावी कॉमर्सला ६४ टक्के पडले. मला ऑफिसमध्ये काम करायचंय, ॲडमिन असिस्टंट किंवा पीए असं काहीतरी, सीए वगैरे नाही व्हायचं. पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटचा ११ महिन्यांचा ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशनचा डिप्लोमा आहे, फी ८५ हजार, १०० टक्के प्लेसमेंट म्हणतात. मामा म्हणतो पुण्यात बीबीए कर, बी.कॉम.ला कोण विचारतंय. पप्पा म्हणतात साताऱ्याला बी.कॉम.ला जा, घरून ये-जा कर. इन्स्टिट्यूटच्या मॅडम रोज फोन करतात, शनिवारपर्यंत सीट बुक करा म्हणतात. माझं इंग्लिश पण बेताचंच आहे. काय करू? ता.क. ऑफिसात साडी नेसावी लागते का?

उत्तर:

सगळ्यात आधी त्या मॅडमचा फोन उचलणं बंद कर. शनिवारी सीट जात नाही, पुढच्या शनिवारी पण जात नाही, आणि दिवाळीनंतर फोन केलास तरी तुझ्यासाठी एक सीट शिल्लक निघेल, वर डिस्काउंट पण मिळेल. ज्या कॉलेजला खरंच मेरिट लिस्ट लागते ते कॉलेज तुला फोन करत नाही, तिथे आपल्यालाच खिडकीसमोर रांग लावावी लागते.

आता मुद्द्याचं. मी बरीच वर्षं ॲडमिनमध्येच काम करते आणि आमच्याकडे असिस्टंट घ्यायची वेळ आली की मुलाखतीला मी पण बसते, म्हणून सांगते की या कामासाठी कॉलेजचं नाव बघून कोणी माणूस घेत नाही. इंजिनिअरिंगला बघतात, एमबीएला तर फारच बघतात, पण इथे बायोडेटावर कॉलेज कुठलं यावर कोणाची नजर दोन सेकंदपण थांबत नाही. बघतात काय, तर डिग्री आहे का, एक्सेल उघडून दिलं तर हात चालतो का, मेल स्वतःच्या मनाने लिहिता येतो का, आणि याआधी कुठल्या ऑफिसात बसली आहे का. म्हणून कॉलेज निवडताना आमचं कॉलेज किती मोठं आहे हे ते सांगतातच, ते सोडून दे, तू हे बघ की त्या कॉलेजात राहून या बाकीच्या गोष्टींना तुला वेळ आणि पैसा उरतोय का.

तुझ्या पत्रातल्या तीन पर्यायांपैकी डिप्लोमा आधी बाजूला काढते कारण त्यात जास्त बोलण्यासारखं नाही. ११ महिन्यांनी हातात जो कागद येईल तो कोणाचा असेल ते विचार. शासनाच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, विद्यापीठाचा, आयटीआयचा, की त्या इन्स्टिट्यूटचा स्वतःचाच? त्यांच्या ब्रोशरवर आयएसओ सर्टिफाइड, एमएसएमई रजिस्टर्ड असं छापलेलं असेल बघ, ते कुठलाही धंदा करणाऱ्याला मिळतं, शिक्षणाच्या मान्यतेशी त्याचा काही संबंध नाही. आणि कोणी यूजीसी अप्रूव्ह्ड डिप्लोमा म्हटलं तर अजून सावध हो, यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, तो खाजगी क्लासच्या डिप्लोमाला मान्यता देत बसत नाही. विद्यापीठाचं नाव सांगितलं तर यूजीसीच्या वेबसाइटवर जाऊन तपास, तिथे बोगस विद्यापीठांची यादी पण असते, आपल्या नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचं नाव त्यात वर्षानुवर्षं आहे.

बरं ते १०० टक्के प्लेसमेंट. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात वाच, तिथे बहुतेक 'प्लेसमेंट असिस्टन्स' असं लिहिलेलं असतं, म्हणजे आम्ही तुम्हाला इंटरव्ह्यूला पाठवू, पुढचं तुमचं तुम्ही बघा. आणि इंटरव्ह्यू कसले, तर टेलिकॉलिंगचे, लोन विकायचे, इन्शुरन्सचे. त्या कामाला नावं ठेवत नाहीये मी, पण त्यासाठी ८५ हजार भरायची गरज नाही, ते बारावीवर फुकट घेतात! तुला पडताळायचंच असेल तर त्यांच्याकडे गेल्या वर्षीच्या पाच मुलींची नावं, कंपनी आणि पोस्ट माग. कंपनीचं नाव सगळे सांगतात, पोस्ट सांगताना अडखळतात.

मामाच्या बीबीएकडे येऊ. बीबीए वाईट नाही. पण २०२४ पासून आपल्याकडे बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या ताब्यात गेलेत आणि त्याला सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते, ती तू दिलीस का हे पत्रात कुठेच नाही. दिली नसशील आणि तरी कोणी बीबीएला घेतो म्हणत असेल तर नीट विचार की मार्कशीटवर नेमकं काय छापून येणार. काही कॉलेजांनी सीईटीच्या भानगडीत नको म्हणून कोर्सचं नावच बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज वगैरे केलंय, विद्यापीठाची मान्यता असेल तर त्यात काही चूक नाही, फक्त मामाला जे बीबीए वाटतंय ते बीबीए नसेल. खाजगी विद्यापीठांचं वेगळंच, त्यांची परीक्षा त्यांची, फी पण त्यांचीच.

आणि सीईटी दिली असशील, कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, नंबर लागत असेल, तर दोन गोष्टी कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर विचारून घे. २०२४ मध्ये शासनाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ केली, तू घेतेस तो कोर्स त्यात बसतो का. दुसरी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, शेतकरी घरातल्या मुलांसाठी आहे. दोन्हीचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर यातलं काही मिळत नाही, हे प्रवेश घेतल्यावर कळून उपयोग नसतो.

तरीपण मी तुझ्या जागी असते तर बीबीए नसतं घेतलं. कारण त्यात जे शिकवतात, मार्केटिंग, एचआर, स्ट्रॅटेजी, ते तुझ्या पहिल्या नोकरीत फार कामाला येत नाही, आणि पुण्यातला खोलीचा, मेसचा, जाण्यायेण्याचा तीन वर्षांचा खर्च मांडून बघ, मग या कामाचा सुरुवातीचा पगार किती असतो ते जॉबच्या जाहिरातीत बघ आणि वजाबाकी कर. कागदावर कर, मनातल्या मनात केली की आपण आपल्याला हवं तेच उत्तर काढतो.

राहिलं बी.कॉम. मामा म्हणतो त्याला कोण विचारतंय. अगं, सगळेच विचारतात, फक्त कौतुक कोणी करत नाही! मंत्रालयापासून तहसीलपर्यंतचा लिपिक-टंकलेखक आता एमपीएससीतून घेतात, त्याला पदवी लागते, कुठलीही, आणि टायपिंग मराठी ३० किंवा इंग्लिश ४० शब्द मिनिटाला. जिल्हा न्यायालयाच्या कनिष्ठ लिपिकाला पदवी आणि दोन्ही भाषांचं टायपिंग. ग्रामीण बँकेत जी ऑफिस असिस्टंट पोस्ट असते (नाव बघ, तुला हवं तेच आहे) ती आयबीपीएस या बँक भरती घेणाऱ्या संस्थेच्या परीक्षेतून भरतात, तिलाही कुठलीही पदवी. एलआयसी असिस्टंटलाही तेच. यातल्या एकाही फॉर्मवर पुण्याची डिग्री की साताऱ्याची असा रकाना नाहीये. तू सरकारी नोकरीचं पत्रात लिहिलं नाहीस, खाजगीच हवी असेल तरी चालेल, पण अठराव्या वर्षी ११ महिन्यांच्या कागदासाठी हे सगळे दरवाजे बंद करून घेऊ नकोस एवढंच म्हणणं.

साताऱ्यात कॉमर्ससाठी रयत शिक्षण संस्थेचं धनंजयराव गाडगीळ कॉलेज तुला माहीत असेलच, आता ते कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आलंय, आणि तुझ्या कोरेगावात किंवा रहिमतपूरला बी.कॉम. असेल तर ते पण बघ, मी कुठल्याच एका कॉलेजची जाहिरात करत नाही. जिथे जाशील तिथे ऑफिसात जाऊन हे विचार. एक, ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित. एकाच कॉलेजात, कधी कधी एकाच वर्गात, दोन्ही तुकड्या असतात आणि फीमध्ये चांगलाच फरक असतो, मेरिटने ग्रँटेड तुकडीत बसत असशील तर तिथेच नाव लागू दे. दोन, लेक्चर किती वाजता सुटतात. हा प्रश्न ऐकून ते तुझ्याकडे विचित्र नजरेने बघतील, बघू देत, माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. सकाळचं कॉलेज असेल आणि बारापर्यंत तू मोकळी होत असशील तर अख्खी दुपार तुझी, त्यात टायपिंग क्लास होतो, एखाद्या ऑफिसात अर्धा दिवस बसता येतं. दिवसभर पसरलेलं टाइमटेबल असेल तर तीन वर्षं नुसती एसटीत जातील. तीन, इंटर्नशिपला कुठे पाठवता. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिप, ऑन जॉब ट्रेनिंग याला क्रेडिट आहेत, पण काही ठिकाणी ते दुकानातून सही-शिक्का आणण्यापुरतंच उरलंय, सीनियर मुलींना गाठून खरं काय ते विचार, शिक्षकांना नको. नवीन पद्धतीत चार वर्षांचं पण निघालंय, तुला तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, चौथ्याचं आत्ता डोक्यात घेऊ नकोस.

आणि कमवा आणि शिका योजना आहे का ते विचार. रयतमध्ये तर कर्मवीरांच्या काळापासूनची परंपरा आहे ती. पैसे फार मिळत नाहीत, पण काम ऑफिसात किंवा लायब्ररीत मागून घे, बागेत नको. कॉलेजचं ऑफिस म्हणजे आवक-जावक रजिस्टर, बोनाफाइड, फाइलींचे नंबर, पत्राला उत्तर गेलं का याचा पाठपुरावा, चिडलेले पालक, सही अडवून बसलेले साहेब, सगळं एका खोलीत. तू ८५ हजार देऊन जे शिकायला निघाली होतीस ते हेच, आणि इथे उलटे तुला पैसे देतात.

एसटीचं म्हणशील तर महिलांना अर्धं तिकीट आहेच २०२३ पासून, पण रोजच्या प्रवासाला विद्यार्थी पास काढ, त्यात सवलत दोन तृतीयांश आहे, जास्त परवडतो.

आता टायपिंग, इथे जरा सविस्तर सांगते कारण सगळे हेच शेवटच्या वर्षावर ढकलतात. पहिल्या वर्षीच जीसीसी-टीबीसी या सरकारमान्य कॉम्प्युटर टायपिंगच्या कोर्सला नाव घाल, परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, क्लास तालुक्याला असतोच. आधी इंग्लिश ३०, मग मराठी ३०, मग इंग्लिश ४०, असं एकेक करत गेलीस तर दुसरं वर्ष संपायच्या आत तिन्ही सर्टिफिकेटं फाइलीत. मोबाइलवर दोन अंगठ्यांनी भराभर लिहिता येतं म्हणून मला टायपिंग येतं असं समजू नकोस, मराठीचा कीबोर्ड पूर्ण वेगळा, क्लासमध्ये रेमिंग्टन शिकवतील, बऱ्याच ठिकाणी युनिकोडचं इनस्क्रिप्ट चालतं, बोटांना ते बसायला महिने लागतात. खाजगी ऑफिसातसुद्धा मराठीत पत्र टाइप करणारी मुलगी मिळत नाही गं! ग्रामपंचायतीला, महावितरणला, पोलीस स्टेशनला पत्र द्यायचं म्हटलं की सगळे इंग्लिश मीडियमवाले एकमेकांकडे बघत बसतात. एमएस-सीआयटी केलं नसशील तर सुट्टीत उरकून टाक, बऱ्याच सरकारी फॉर्मला लागतं.

पीए व्हायचंय असं लिहिलंयस ना, मग शॉर्टहँडचा विचार कर, मनापासून सांगते. सगळ्यांना वाटतं ते बंद पडलं, बंद काही पडलेलं नाही, कोर्टात, मंत्रालयात, केंद्राच्या ऑफिसांत लघुलेखक लागतातच. एसएससीची (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) स्टेनोग्राफरची परीक्षा बारावीवर आहे, ग्रेड डी ला मिनिटाला ८० शब्द, ग्रेड सी ला १००, फक्त ते इंग्लिश किंवा हिंदीत. राज्य सरकारात मराठी लघुलेखन चालतं, ८०, १००, १२० अशा पायऱ्या आहेत. शिकायला चिवटपणा लागतो, पहिले काही महिने वहीत नुसत्या रेघोट्या दिसतात आणि अर्धा वर्ग पळून जातो. म्हणूनच शेवटपर्यंत टिकणारे थोडे असतात, आणि तू टिकलीस तर तुझ्याबरोबर परीक्षेला बसणारे लिपिकाच्या परीक्षेपेक्षा कितीतरी कमी असतील. आयटीआयमध्ये स्टेनोग्राफर अँड सेक्रेटरियल असिस्टंट नावाचा एक वर्षाचा ट्रेड पण असतो, प्रवेश डीव्हीईटी या राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून, जवळच्या कुठल्या आयटीआयला आहे ते तिथे शोध. इन्स्टिट्यूटचा डिप्लोमा आणि हा, दोन्ही जवळपास वर्षभराचेच, फीमधला फरक बघितलास की पप्पांना दाखव.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नकोस, पण दुर्लक्षही नको. तू बारावीला एस.पी., म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, शिकलीस, बरोबर? त्यात बोनस शेअर दिल्याचं पत्र, डिबेंचरवाल्यांना पत्र पाठ केलीस. ऑफिसात रोज लागतं ते वेगळं असतं. एसी तिसऱ्यांदा बंद पडलाय, माणूस कधी पाठवताय. तुमच्या बिलात जीएसटी नंबर चुकलाय, सुधारून पाठवा. मीटिंग चारऐवजी पाचला आहे, सरांना उशीर होतोय. असे चार ओळींचे मेल रोज एक लिही, स्वतःला पाठव, दुसऱ्या दिवशी वाचून दुरुस्त कर. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये 'माय सेल्फ अमुक तमुक' करण्यापेक्षा याने लवकर फरक पडतो. आणि हो, एआय मेल लिहून देतं हे खरंय, आम्हीपण वापरतो, पण त्यात तारीख चुकलीय, नाव चुकलंय, या साहेबांना असं लिहिलेलं खपत नाही, हे ओळखायला माणूसच लागतो, आणि एसीवाल्याला चौथा फोन पण माणसालाच करावा लागतो.

एक्सेल मात्र नीट शीक. सॉर्ट, फिल्टर, व्हीलूकअप, पिव्होट एवढं आलं तरी तू पुष्कळांच्या पुढे असशील. बायोडेटात सगळेच 'एमएस ऑफिस' लिहितात, आम्ही समोर लॅपटॉप सरकवतो आणि हजेरीची शीट देऊन म्हणतो यात उशिरा आलेले काढा, तिथे चेहरे बघण्यासारखे होतात. टॅली शिकलीस तर चांगलंच, साताऱ्यातल्या किंवा कोरेगावातल्या एखाद्या सीए किंवा टॅक्सवाल्याकडे दुपारी बसायला मिळतं का बघ, मार्च-एप्रिल आणि जून-जुलैत त्यांना हात हवेच असतात. सुरुवातीला व्हाउचर चिकटवायला लावतील, चिकटव.

समजा घरची परिस्थिती अशी आली की लगेच कमवावंच लागेल, तर मुक्त विद्यापीठ आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण, तिथून बी.कॉम. करत नोकरी करता येते आणि ती डिग्री सरकारी फॉर्मला चालते. कोणी तुला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं सांगेल, बारावीवाल्यांना महिना ६ हजार देऊन ऑफिसात प्रशिक्षण, पण ती शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही आणि शेवटी कायम करत नाहीत, म्हणून तीच नोकरी समजून कॉलेज सोडू नकोस.

आता एक अवघड बोलते, राग मानू नकोस. पत्रात डिप्लोमा पण पुण्याचा, बीबीए पण पुण्यातलं. मला वाटतं तुला डिप्लोमापेक्षा पुणे हवंय. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, अठराव्या वर्षी गाव सोडून बघावंसं वाटणं हे पण एक कारणच आहे. पण मग ते कारण म्हणून सरळ सांग, पप्पांशी त्यावर बोल, कोर्सच्या आड लपवू नकोस, कारण मग कोर्स चुकीचा निघतो आणि पुणे पण हातचं जातं. पुण्यात अनुदानित बी.कॉम. करता येतं, चांगली जुनी कॉमर्स कॉलेजं आहेत, फी साताऱ्यासारखीच असते, प्रश्न राहण्याचा आहे. कॉलेजचं किंवा सरकारी वसतिगृह मिळत असेल तर मी पप्पांच्या विरुद्ध तुझ्या बाजूने उभी राहीन. मिळत नसेल तर तीन वर्षं साताऱ्यात काढ, टायपिंग, एक्सेल, थोडा अनुभव बांधून घे आणि मग पगार घ्यायला पुण्यात जा.

जाहिराती वाचताना एक लक्षात ठेव. आपल्याकडे ऑफिस असिस्टंट म्हणजे काही ठिकाणी चहा देणारा, बँकेत जाणारा मुलगा असतो आणि काही ठिकाणी डायरेक्टरचं कॅलेंडर सांभाळणारी बाई असते, तेच नाव. पगार विचारायच्या आधी दिवसभरात काय काय करायचं ते विचार. ॲडमिन एक्झिक्युटिव्ह, बॅक ऑफिस, फ्रंट ऑफिस, कोऑर्डिनेटर ही नावं पण शोध, एकाच शब्दावर अडून राहू नकोस.

पत्राच्या शेवटी ता.क. मध्ये विचारलंयस की ऑफिसात साडी नेसावी लागते का. नाही गं. बहुतेक ठिकाणी साधा कुर्ता चालतो, हॉटेल आणि हॉस्पिटलच्या रिसेप्शनला युनिफॉर्म असतो तो तेच देतात. इंटरव्ह्यूला मात्र नवीन सँडल घालून जाऊ नकोस, आदल्या आठवड्यात चार दिवस वापरून घे.